आबांनी न केलेली सही

माझे आजोबा मधुकर शांतवन साळवे दर मंगळवारी आणि शुक्रवारी भोपाळच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन अनोळखी माणसांची दाढी करत. चोवीस वर्षं करत होते. ते न्हावी नव्हते. सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, आणि निवृत्त झाल्यावरही बोटं अशी टेबलावर चालायची की आजी म्हणायची, "आता पुरे, कागद संपला."

छप्पन साली राज्य नव्याने झालं तेव्हा त्यांचे वडील नागपूरच्या कचेरीबरोबर इथे बदलून आले. आबा तेव्हा बारा वर्षांचे होते. आनंद नगरातलं आमचं घर त्यांनी पुढे नोकरीत असताना बांधलं. घरात नागपूरचं मराठी राहिलं, माझ्या पिढीत त्यात निम्मं हिंदी शिरलं. आम्ही ख्रिस्ती. हे सांगितलं की भोपाळमधले मराठी लोक जरा थबकतात, आणि चर्चमध्ये मराठी आहोत म्हटलं की तिथलेही थबकतात. आबांना दोन्हीची सवय होती. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या चर्चमध्ये मराठी उपासना व्हायची. माझ्या लहानपणी चाळीस-पन्नास माणसं असत. शेवटी नऊ उरली होती, आणि पेटी वाजवणारे काका गेल्यावर आबाच हातांनी ताल धरून गाणं सुरू करायचे.

दाढी करण्याचं असं झालं. अठ्ठ्याण्णव साली आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते दहा दिवस त्या इस्पितळात होते. शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. डोक्याला मार लागलेला, बोलता येत नव्हतं, कागदावर नाव नव्हतं. दाढी छातीपर्यंत वाढली होती. एका दुपारी बुंदेलखंडाकडचा एक जण भावाला शोधत वॉर्डात आला. प्रत्येक खाटेपाशी थांबून बघत होता. या माणसापाशीही थांबला, बघितलं, आणि पुढे गेला. खाटेवरच्या माणसाने हात उचलला होता. आबांनी ते पाहिलं, पण त्यांना वाटलं, पाणी मागतोय. त्यांनी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस मेला, आणि तिसऱ्या दिवशी त्या भावाने शवागारात त्याला ओळखलं. तिथे कुणीतरी तोंड धुऊन दाढी कापली होती.

"मी पाणी दिलं," आबा सांगायचे. "हाक मारायला हवी होती, आणि मी पाणी दिलं."

बरे झाल्यावर ते जवाहर चौकातून एक ब्रश, साबण, तुरटी आणि ब्लेडचं खोकं घेऊन आले आणि वॉर्डच्या सिस्टरकडे जाऊन विचारलं, की ज्यांचं कुणी आलेलं नाही त्यांची दाढी मी केली तर चालेल का. सिस्टरने आधी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाली, "करा, पण प्रत्येकाला नवं ब्लेड."

तिथे अशा पेशंटना लावारिस म्हणतात. आबा तो शब्द घरात कुणाला उच्चारू देत नसत. ते म्हणायचे, "त्याचं अजून कुणी आलेलं नाही." दाढी करताना ते कानाशी वाकून हळूहळू विचारत. गाव कुठलं, नदी कुठली, बाजार कुठल्या वारी भरतो. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याला कधीकधी बाजाराचा वार आठवतो. मग घरी येऊन आबा सरपंचाला पत्र टाईप करत. बहुतेक पत्रांना उत्तर येत नसे. कधी येई. एकदा सागरकडून अख्खं कुटुंब आलं आणि म्हाताऱ्याला घेऊन गेलं. जाताना त्यांनी आबांना ओळखलंही नाही, कारण आबा तेव्हा पलीकडच्या खाटेवर दुसऱ्या कुणाच्या गालाला साबण लावत होते. हे सांगताना त्यांना फार मजा वाटायची.

आजी गेली तेव्हा ते दोन आठवडे गेले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी पिशवी घेऊन निघाले.

दोन हजार बावीसच्या ऑक्टोबरात एका पेशंटच्या नातेवाइकाने त्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. आबा एका खाटेवर वाकलेत, तोंड पेशंटच्या कानाजवळ आहे, ओठ हलताहेत. खाली लिहिलं होतं, हा म्हातारा गरीब मरीजांच्या कानात काय पढतो ते बघा. तो दोन दिवस व्हॉट्सअॅपवर फिरला. आमच्या गल्लीतल्या एकाने तो माझ्या वडिलांना, म्हणजे जयंत साळवे यांना, पाठवला आणि विचारलं, "भाईसाहब, ये अपने बाबूजी हैं क्या?"

पुढच्या मंगळवारी वॉर्डच्या दाराशी दोन पोलीस उभे होते. पप्पांना फोन आला, आणि पप्पांनी मला बोलावलं. आम्ही चौकीत पोचलो तेव्हा आबा बाकावर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. पिशवीतलं सगळं काढून टेबलावर मांडलं होतं. ब्रश अजून ओला होता.

अधिकारी वाईट नव्हता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाला, तक्रार आलीय म्हणून बोलवावं लागलं, केस-बिस काही करायची नाही, बाबूजींनी दोन ओळी लिहून द्याव्यात आणि घरी जावं. इस्पितळवालेही म्हणताहेत, लिहून दिलं तर येऊ देऊ. कागद तयारच होता. पहिली ओळ होती की मी वॉर्डात कुणालाही कुठल्याही धर्माविषयी सांगितलेलं नाही. दुसरी ओळ होती की मी वॉर्डात कुठल्याही प्रकारची प्रार्थना करत नाही आणि कधी केलेली नाही.

आबांनी चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाले, "पहिलं बरोबर आहे. त्यावर सही करतो. दुसरं खोडा."

"का? तुम्ही प्रार्थना करता?"

"करतो."

"मोठ्याने?"

"नाही. मनात."

"मग मनातलं कोण विचारतंय, बाबूजी?"

"तुम्हीच विचारताय," आबा म्हणाले. "इथे लिहिलंय ना, कुठल्याही प्रकारची."

अधिकाऱ्याने पप्पांकडे बघितलं. पप्पा मराठीत म्हणाले, "आबा, करा ना सही. त्याला तरी काय पडलंय?"

"जयंता, मी प्रत्येकासाठी प्रार्थना केलीय. ब्लेड लावायच्या आधी. चोवीस वर्षं."

"ते आम्हाला माहीत आहे. कागदाला कुठे माहीत आहे?"

आबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी जन्मभर दुसऱ्यांचे कागद टाईप केले," ते म्हणाले. "त्यात काय काय होतं ते मला माहीत आहे. पण खाली सही माझी नसायची."

त्या कागदावर त्यांनी सही केली नाही. अधिकाऱ्याने ओळ बदलता येणार नाही असं सांगितलं, वरूनच तशी आली होती. साडेचारला आम्ही घरी आलो. दोन दिवसांनी इस्पितळाच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे आबांचा फोटो गेला, यांना आत सोडू नका म्हणून.

पप्पा खाजगी कंपनीत नोकरी करतात, तिथेही तो व्हिडिओ पोचला होता. चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ संध्याकाळी येऊन गेले. त्यांनी आबांचं कौतुक केलं आणि मग चहा पिता पिता सुचवलं की काही रविवार आबांनी घरीच उपासना केली तर सगळ्यांच्याच दृष्टीने बरं पडेल. आबा म्हणाले, "मी मागच्या बाकावर बसेन." आणि पुढच्या रविवारी तिथे जाऊन बसले.

पण त्यांना खरी काळजी दुसरीच होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा होता. बसस्टँडजवळ गाडीने उडवलेला, कंबर मोडलेली, डोकं ठिकाणावर नसलेला. कागदावर नुसतं 'अज्ञात, पुरुष, वय अंदाजे ६५' असं होतं. तो रोज वेगळं नाव सांगायचा. तीन दाढ्यांत आबांनी त्याच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं होतं. नाव भागचंद, जात केवट, मुलगी रामकली, गाव नर्मदेच्या काठाला बाबईच्या पुढे. सरपंचाला पत्र टाकलं होतं. वॉर्डात मात्र अजून नाव सांगितलं नव्हतं, कारण पूर्वी एकदा चुकीच्या नावावरून भलतंच कुटुंब येऊन रडून गेलं होतं, आणि तेव्हापासून आबा पक्कं झाल्याशिवाय सांगत नसत.

आता ते पक्कं करायला आत जाता येणार नव्हतं. चौकीतून आल्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी मला एक चिठ्ठी टाईप करून दिली. नाव, गाव, मुलीचं नाव, खाली आबांचा फोन नंबर.

"शमिका, ही रेवती सिस्टरच्या हातात दे. ती मराठी आहे, बैतूलची, तिला कळेल. आणि तिने रजिस्टरमध्ये लिहीपर्यंत तिथे थांब."

मी गेले. रेवती सिस्टर रजेवर होती. काउंटरवर दोघं होते, समोर दहा-बारा लोकांचा गराडा. मी हात लांब करून चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, हे खिडकीजवळच्या पेशंटचं नाव आहे, लिहून घ्या. कुणीतरी म्हणालं, "रख दो मैडम." मी ठेवली. मला ऑफिसला उशीर होत होता. जिन्यापर्यंत गेल्यावर वाटलं की परत जावं. गेले नाही.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "लिहून घेतलं?"

"हो," मी म्हटलं.

"तुझ्यासमोर?"

"हो आबा."

ते म्हणाले, "चला, बरं झालं," आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

वीसेक दिवसांनी दुपारी त्यांचा फोन वाजला. रामकली होती. सरपंचाच्या घरी पत्र पडून राहिलं होतं, ते कुणीतरी आता वाचून दाखवलं होतं. वडील श्रावणात घरातून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी ती आणि तिचा नवरा आले. आबांना आत जाता येत नव्हतं, म्हणून ते फाटकाबाहेर रिक्षास्टँडवर थांबले आणि मी त्या दोघांना घेऊन गेले.

खिडकीजवळच्या खाटेवर एक तरुण माणूस होता, पाय प्लास्टरमध्ये. मी काउंटरवर विचारलं. बऱ्याच पानांनंतर सापडलं. अज्ञात, पुरुष. आठ दिवसांपूर्वी मृत्यू. तीन दिवस वाट बघून पोलिसांमार्फत अंत्यसंस्कार. नावाच्या रकान्यात काही नव्हतं.

पोलिसांकडे फोटो होता. फोटोत गाल दाढीने झाकलेले होते. रामकली पुष्कळ वेळ बघत राहिली. मग भुवईवरच्या जुन्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, "हेच." तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाहेर येऊन मी आबांना सांगितलं. ते रामकलीसमोर हात जोडून उभे राहिले. ती दोघं बसने गेल्यावर रिक्षात त्यांनी मला एकच विचारलं. "चिठ्ठी लिहून घेतली होती ना?"

"घेतली होती. त्यांनीच हरवली असेल पुढे."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी आत असतो तर हरवली नसती."

त्यानंतर ते तेच म्हणत राहिले. एक ओळ होती. मी तिच्यावर सही केली असती तर मंगळवारी आत असतो, शुक्रवारी आत असतो, तो गेला त्या दिवशी कुणीतरी मला सांगितलं असतं. पप्पा आता त्यांची समजूत घालायला लागले, तुम्ही खोटं लिहिलं नाही ते बरोबरच केलंत, वगैरे. आबा म्हणायचे, "बरोबर केलं ते मला माहीत आहे. त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने भरली, त्याचं काय?" मला उत्तर माहीत होतं आणि मी ताट उचलून आत जायचे.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे जात, आबा मागच्या बाकावर बसून राहत. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं. आबा म्हणाले, "अजून नाही." आयुष्यात एकदाही न चुकलेला माणूस. त्यांनी प्रार्थना थांबवली नव्हती. पहाटे त्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू यायचं, पूर्वीपेक्षा जास्त वेळ. पण पूर्वी ते उठून बाहेर येत तेव्हा चेहरा धुतल्यासारखा असे. आता तसा नसे.

मग त्यांनी भागचंदला कुठे ठेवलं ते शोधायला सुरुवात केली. रामकलीने जाताना तेवढंच विचारलं होतं. ठाण्यात गेले, शवागाराच्या खिडकीवर गेले, अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेच्या माणसाला भेटले. कुणी उद्या या म्हणे, कुणी तुम्ही त्याचे कोण लागता म्हणून विचारी. "कोणी नाही," आबा सांगत, आणि त्यामुळेच काम अडे. दीड महिना लागला. शेवटी शहराबाहेरच्या एका मोकळ्या जागेत, बाभळीच्या झुडपांपलीकडे, चुन्याने नंबर घातलेला दगड सापडला. दहन नव्हतं केलेलं, पुरलं होतं. आबांनी तिथली ओंजळभर माती धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधली.

जानेवारीत आम्ही दोघं नर्मदापुरमची बस पकडून तिथून बाबईला गेलो, आणि पुढे शेअर जीपने. रामकलीचं घर घाटापासून जवळ होतं. तिने अंगणात खाट टाकली, चहा केला. आबांनी माती तिच्या हातात दिली. मग सगळं सांगितलं. कागद, दुसरी ओळ, सही. "मी सही केली असती तर तुझ्या वडिलांचं नाव राहिलं असतं," ते म्हणाले. "हे तुला माहीत असायला हवं. म्हणून आलो."

मी शेजारीच बसले होते. चहाचा कप माझ्या हातात होता. मी तो संपवला.

रामकलीने विचारलं, "शेवटी त्यांची दाढी झाली होती का?"

"माझ्या हातून झाली ती ते जाण्याच्या पंधरा-सोळा दिवस आधी. त्यानंतर नाही."

ती उठली आणि माती घेऊन घाटाकडे गेली. आम्ही बसून राहिलो. परत आली तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. म्हणाली, "बाबूजी, तुम्ही एवढं केलंत. पण आता परत येऊ नका. तुम्ही दिसलात की मला तो फोटोच दिसणार."

आबा म्हणाले, "बरं, बेटा."

परतीच्या बसमध्ये माझ्याने राहवलं नाही. मी सांगितलं. रेवती सिस्टर नव्हती, मी थांबले नाही, कुणी लिहून घेतलं का ते पाहिलं नाही, आणि तुमच्याशी खोटं बोलले. दोनदा. आबा खिडकीबाहेर बघत होते. गव्हाची शेतं सरत होती. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"हे तू तिथे सांगायला हवं होतंस," ते म्हणाले.

"ती परत येऊ नका म्हणाली."

"मला म्हणाली. तुला नाही."

बस एका थांब्यावर थांबली, माणसं चढली. मग आबांनी माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. त्यांनी मला माफ केलं हे मला कळलं. स्वतःला मात्र नाही. पुढच्या रविवारीही ते मागे बसून राहिले. मी म्हटलं, "आबा, आता तर तुम्हाला माहीत आहे, चूक माझी होती." ते म्हणाले, "तुझी तुझ्या जागी आहे, माझी माझ्या जागी. एक आली म्हणून दुसरी जात नाही."

त्यानंतर ते दहा महिने जगले. गुडघे गेले, मग भूक गेली. नोव्हेंबरात छातीत कफ साठून चार दिवसांत गेले, घरीच. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी आले होते. आबांनी पप्पांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. घेतलं. ते समजून घेतलं की तहानेने, हे मला सांगता येत नाही. पाळकसाहेबांनी मात्र दफनाच्या वेळी सांगितलं की मधुकरभाऊ शांतीने गेले.

दफनाला तीसेक लोक होते. रेवती सिस्टर आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली की वॉर्डात आता तसं कुणी येत नाही. तिने एकदा स्वतः प्रयत्न केला, पण ड्यूटीत वेळच मिळत नाही. दुसऱ्या रविवारची मराठी उपासना त्यानंतर झाली नाही. आठजणांसाठी दुपारी चर्च उघडायचं का, असं कमिटीत निघालं, आणि आठांपैकी कुणी हट्ट धरला नाही. मीही नाही.

डिसेंबरात मी बाबईला गेले, एकटी. रामकली दारात मटार सोलत बसली होती. तिने मला ओळखलं आणि माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आबा गेले. तिने सरकून जागा केली. मी बसले आणि चिठ्ठीचं सांगितलं. काउंटर, गर्दी, जिना. खोटं बोलले तेही. तिचे हात चालत होते, मग थांबले. शेंगा मांडीवर तशाच राहिल्या.

तिने विचारलं, "तुम्हाला घाई कसली होती?"

"ऑफिसची," मी म्हटलं.

तिने मान डोलवली, जशी कुणी रस्ता विचारून घेतल्यावर डोलवतो. शेंगा टोपलीत टाकल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाली की शेवटची जीप साडेपाचला असते, ती चुकली तर पंचाईत होईल. माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. जीप आली. मी मागे बसले, आणि ती शेतांच्या बांधावरून घरी परत निघाली.